‘नेट स्लो आहे’ एवढ्यावर तक्रार थांबवू नका

साप्ताहिक सदर : घरातलं तंत्र

भोसरीत फर्स्ट शिफ्ट सुटते, मुलं क्लासवरून परततात, जेवणं उरकतात आणि आठनंतर अख्खी इमारत एकदमच नेटवर येते. नेमकं तेव्हाच गोल फिरायला लागतं. इथं घरचं नेट नुसत्या करमणुकीसाठी नसतं. एमआयडीसीत शेड भाड्यानं घेऊन दोन-चार मशिनं चालवणारा माणूस ड्रॉइंग घरी उघडतो, कोटेशन रात्री पाठवतो, ई-वे बिलही बऱ्याचदा घरूनच काढतो. वेग पडला की त्याचं काम अडतं. कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर ठरलेलं असतं : राउटर बंद करून चालू करा.

हे उत्तर मला मान्य नाही. वेग कुठं गळतोय हे घरच्या घरी बऱ्यापैकी शोधता येतं. ते आकड्यांसकट मांडलं की समोरच्याला टाळाटाळ करणं अवघड जातं.

आधी हिशेब नीट लावू. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेबारा एमबीनं उतरते. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणून तो आकडा लहान दिसतो. ती गळती नाही.

आता खरी चाचणी. आतल्या खोलीत मोबाईलवर केलेली स्पीड टेस्ट धरू नका. लॅपटॉप लॅनच्या वायरनं थेट राउटरला जोडा, बाकीचे मोबाईल आणि टीव्ही वायफायवरून काढा आणि मग मोजा. सकाळी एकदा, रात्री नऊच्या सुमारास एकदा, असं सलग काही दिवस करा. वायरवर वेग पुरेपूर आणि वायफायवर निम्मा, तर दोष घरात आहे. वायरवरही दिवसभर कमी, तर लाइन तपासायला हवी. सकाळी ठीक आणि रात्री कमी, तर कंपनीची क्षमता अपुरी पडतेय.

एका आकड्याकडे खास लक्ष ठेवा : ९४. प्लॅन २०० चा आणि वायरवर वेग ९४ च्या पुढं सरकतच नाही, असं दिसलं तर पहिला संशय वायरीवर घ्या. लॅन केबलमध्ये तांब्याच्या चार जोड्या असतात. गिगाबिट वेगाला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एक जोडी तुटली किंवा जॅक नीट क्रिंप झाला नाही, तर बहुतेक उपकरणं गुपचूप १०० वर उतरतात आणि त्यातला साधारण ९४ आपल्या हाती लागतो. कधी राउटरचं पोर्टच १०० चं असतं. स्थानिक केबलवाल्याचा स्विच गच्चीवर आणि तिथून घरापर्यंत लॅनची वायर असेल, तर ती ऊन-पाऊस खाऊन किती वर्षं लटकतेय ते गच्चीवर जाऊन स्वतः बघा. या वायरीची मर्यादा १०० मीटर आहे, हेही विचारात घ्या.

दोष घरात निघाला तर बहुधा तो २.४ गिगाहर्ट्‌झ या वायफाय पट्ट्याचा असतो. गव्हाणे वस्ती किंवा लांडेवाडीसारख्या दाट वस्तीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत आणि प्रत्येक घरात राउटर. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच : १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे त्यातच. जवळ बसून काम करायचं असेल तर ५ गिगाहर्ट्‌झ घ्या. ते भिंती कमी ओलांडतं, पण म्हणूनच तिथं शेजाऱ्यांची गर्दीही कमी असते. राउटर लोखंडी कपाटामागून काढून मोकळ्या जागी, उंचावर ठेवा. पत्र्याच्या खोलीत लहरी पत्र्याला अडतात, तिथपर्यंत वायरच ओढलेली बरी.

फायबर असेल तर तंत्रज्ञाकडून एक आकडा मागून घ्याच : घरी पोचणाऱ्या प्रकाशाची पातळी. ती डीबीएममध्ये, उणे चिन्हानं मोजतात. उणे २० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्या पलीकडे घरातलं यंत्र चाचपडायला लागतं. खिळ्याभोवती करकचून वळवलेली फायबर, कनेक्टरवरची धूळ, रस्ता खोदल्यावर घाईत मारलेला जॉइंट, ही नेहमीची कारणं. शिवाय गुरुवारी महावितरण दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतं, तेव्हा खांबावरच्या नोडचा बॅकअप संपला की तुमच्या घरचा इन्व्हर्टर काही कामाचा नाही.

रात्रीच्या घसरणीचं काय? इथं ग्राहकाचा दोष शून्य, आणि माझा राग इथंच आहे. नेहमीच्या जीपीऑन फायबरवर सुमारे अडीच हजार एमबीपीएस क्षमता ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ६४ घरांनी एकदम ओढलं तर वाट्याला जेमतेम ३९ येतात. पुढं कंपनीनं बाहेरची बँडविड्थ कमी घेतली असेल तर तेवढेही नाहीत. सगळे एकदम ओढत नाहीत, हे खरं. वाटून वापरण्याला माझी हरकत नाही. दूरसंचार नियामक ट्रायनं २००९ मध्येच घरगुती जोडण्यांसाठी वाटून वापरण्याचं हे प्रमाण १:५० असावं असं सांगितलं होतं. ट्रायच्याच २००६ च्या नियमावलीत तर प्लॅनच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग अपेक्षित होता, पण मोजायचा कंपनीच्या नोडपासून ग्राहकापर्यंत. नोडच्या पुढं गर्दी झाली तर ती त्या मोजमापात येतच नव्हती. म्हणून जाहिरातीत ‘१०० पर्यंत’ छापणाऱ्या प्रत्येक कंपनीनं रात्री नऊचा सरासरी वेग भागनिहाय जाहीर करायला हवा.

तोवर तक्रारीत वायरवरचा आकडा, वेळ, तारीख आणि प्रकाशाची पातळी लिहा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर जपून ठेवा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. जमलं तर हे एकट्यानं करू नका. त्याच कंपनीचं नेट असलेल्या इमारतीतल्या चार-पाच घरांनी एकाच रात्री, एकाच वेळी वायर लावून मोजावं. सगळीकडे सारखीच घसरण दिसली, तर राउटर बंद-चालू करायला कोणालाच सांगता येणार नाही.