छांदिष्टांची पडवी : पिंप भरून वाहू नये म्हणून

दिवाळी जवळ आली की या सदराच्या टपालात दोन तऱ्हेची पत्रे हटकून येतात. पणत्यांचे फोटो कसे काढावेत, ही पहिली तऱ्हा. आणि कोणता कॅमेरा घ्यावा, ही दुसरी. पहिलीचे उत्तर आम्ही दरसाल देतो, दुसरीचे दरसाल टाळतो. यंदा मात्र एक तिसरीच तऱ्हा निघाली आहे. घरात एक चांगला, चालता कॅमेरा असतो. चिरंजीव किंवा पुतणे एके दिवशी त्याच्या पोटात शिरून काहीतरी उपद्व्याप करतात. त्या दिवसापासून कॅमेऱ्याच्या पडद्यावर अनोळखी अक्षरे दिसू लागतात, व्हिडिओ मधेच बंद पडतो, आणि आईवडील आम्हांला पत्र लिहितात.

तेव्हा आधी हा उपद्व्याप म्हणजे काय ते सांगू. कॅननने २००८ साली फाइव्ह-डी मार्क टू नावाचा कॅमेरा काढला. होता फोटोचा, पण त्यात व्हिडिओही निघे आणि तो इतका देखणा निघे, की सिनेमावाल्यांच्या त्यावर उड्या पडल्या. पण आवाजाची पातळी दिसत नाही, हे हाताने ठरवता येत नाही, ते बदलता येत नाही, अशा त्यांच्या तक्रारीही होत्या. ट्रॅमेल हडसन या गृहस्थांनी २००९ मध्ये या कॅमेऱ्यासाठी एक जादा प्रोग्रॅम लिहून सर्वांना फुकट खुला केला. त्याचे नाव मॅजिक लँटर्न. नाव वाचून आम्हांला कल्याणचे महादेवराव पटवर्धन आठवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ ते करीत, आणि आपल्या मॅजिक लँटर्नला त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले होते. असो.

हा प्रोग्रॅम कॅमेऱ्याचा मूळ प्रोग्रॅम पुसत नाही. तो कार्डावर राहतो आणि कॅमेरा सुरू झाला की त्याच्या शेजारी येऊन बसतो. साधे कार्ड घातले की कॅमेरा पुन्हा पहिल्यासारखा वागतो. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र मूळ प्रोग्रॅमच्या ज्या आवृत्तीसाठी तो लिहिला असेल, नेमकी तीच आवृत्ती कॅमेऱ्यात हवी. त्यात जवळपास वगैरे चालत नाही. पॅनासॉनिकच्या जीएच-टू या २०१० सालच्या कॅमेऱ्यात व्हिटाली किसेलेव्ह यांच्या साधनाने जो बदल करीत, तो वेगळा. तिथे मूळ प्रोग्रॅमच बदलून पुन्हा भरावा लागे. कारखान्याने सेकंदाला २४ मेगाबिटांवर बांधून ठेवलेला हा कॅमेरा हौशी लोकांनी शंभराच्या वर नेला. शेन कॅरुथ यांचा २०१३ साली आलेला ‘अपस्ट्रीम कलर’ हा चित्रपट असल्याच बदललेल्या जीएच-टूवर घेतलेला आहे. तेव्हा मुलांच्या या उद्योगाला नुसता चावटपणा म्हणू नये.

खरी मेख पुढेच आहे. २०१३ मध्ये मॅजिक लँटर्नने ‘रॉ’ व्हिडिओची सोय दिली, म्हणजे सेन्सरवर जे उमटले ते न दाबता, न आटवता जसेच्या तसे कार्डावर लिहिणे. रंग सुंदर मिळतात, उजेड चुकला तर नंतर सुधारता येतो. पण कारखान्याने जी कुलपे लावली होती, त्यांतली काही कुलपे सुरक्षिततेची होती. ती काढली, की व्हिडिओ अखंड चालेल याची हमी कोणी देत नाही. ती आपली आपण मिळवायची.

ठाण्याच्या एका भगिनींचे पत्र या बाबतीत बोलके आहे. त्यांच्या सासरच्या आत्याबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. लहानपणी आईबरोबर जात्यावर बसल्या, त्या वेळच्या ओव्या त्यांना अजून पाठ आहेत आणि त्या कोणी लिहून घेतलेल्या नाहीत. गणपतीत त्या घरी आल्या असता नातवाने कॅमेरा लावला. कॅमेरा कॅननचा ईओएस एम, २०१२ सालचा, जुना विकत घेतलेला, मॅजिक लँटर्न घातलेला. आत्याबाईंनी सूर लावला, आणि चाळीसेक सेकंदांत चित्रीकरण बंद!

“आत्याआजी, जरा थांबा हं, कॅमेरा थांबला.”

पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी म्हातारी म्हणाली, “अरे बाबा, मी थांबले की मला पुढची सुचत नाही. एकीच्या शेपटाला दुसरी बांधलेली असते.” आणि उठून आत गेल्या. आता भाऊबीजेला त्या पुन्हा येणार आहेत. “तरी भरवशाची सेटिंग्ज परतटपाली कळवावीत,” असे भगिनी लिहितात.

एक आकडा कळवून हे काम होण्यासारखे असते, तर आम्ही पोस्टकार्डावर कळवले असते. पण प्रत्येकाचा कॅमेरा निराळा, कार्ड निराळे. आकडा कसा काढायचा तेच सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी मोरीतल्या पिंपाकडे जावे लागेल.

वरून नळ सोडला आहे, खाली पिंपाला तोटी आहे. नळाने जेवढे येते तेवढे तोटीने गेले, तर दिवसभर चालू द्या. पण येणारे जाणाऱ्यापेक्षा थोडेसे जरी जास्त असले, तरी पिंप भरत जाते आणि केव्हातरी काठाला लागते. कॅमेऱ्यात नळ म्हणजे सेन्सरकडून येणारी चित्रे, तोटी म्हणजे कार्डावर लिहिण्याचा वेग आणि पिंप म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती स्मृती. ती भरली की चित्रीकरण बंद. म्हणूनच ते लगेच थांबत नाही. सुरळीत चालले आहे असे वाटायला लावते आणि मग दगा देते.

आता नातवाची सेटिंग्ज पाहू. चौकट १२८० गुणिले ७२०, म्हणजे एका चित्रात ९,२१,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला १४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ४०.३ मेगाबाइट येतात. या कॅमेऱ्याची कार्डाकडे जाणारी वाट साधारण चाळिसाचीच आहे. यात कॅमेरा करणाऱ्यांचा दोष नाही; त्यांनी ती आटवलेल्या व्हिडिओसाठी केली होती, आणि त्याला सेकंदाला सहा मेगाबाइटही लागत नाहीत. समजा प्रत्यक्षात ३७ जात आहेत. दर सेकंदाला तीन उरतात. पिंपात १२० मावत असतील, तर चाळीस सेकंदांत खेळ खलास!

“पण कार्डावर तर ९५ छापले आहे,” असे नातू म्हणाला असणार. छापलेला मोठा आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे; आणि कार्ड कितीही धावरे असले तरी कॅमेऱ्याचे दारच अरुंद असेल, तर महागडे कार्ड घेऊन फक्त पाकीट हलके होते. त्यापेक्षा कार्डावर ‘व्ही ३०’ अशी खूण आहे का ते पाहावे. सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० मेगाबाइट, असा त्या खुणेचा अर्थ. तरीही ती हमी कार्डाची झाली, तुमच्या कॅमेऱ्यात बसलेल्या त्या कार्डाची नव्हे.

तेव्हा नळ बारीक करा. तीच चौकट ठेवून १४ ऐवजी १२ बिट केले, तर आकडा ३४.६ वर येतो. १० बिट केले, तर २८.८ वर. आमची शिफारस १० ची. खालचे जे बिट जातात त्यांत या जातीच्या सेन्सरवर बराचसा ‘कचरा’च असतो. अगदी काळोख्या पडछायेत थोडा बारकावा कमी होईल, पण खिडकीशी बसलेल्या म्हातारीच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीही त्यामुळे जाणार नाही.

यावर काही हुशार मुले म्हणतील, की बिट कमी करण्याऐवजी चित्र न बिघडवता आटवण्याची सोय मॅजिक लँटर्नमध्ये आहे, ती का वापरू नये? वापरावी, पण एक लक्षात ठेवून. न आटवलेल्या रॉमध्ये समोर कोरी भिंत असो की जत्रा असो, आकडा तोच राहतो. आटवलेल्यात तसे नसते. भिंत असली तर नळ बारीक, झाडाची हलती पाने किंवा अंधारातली रवाळ चित्रे असली तर नळ मोठा. जीएच-टूवाल्यांचीही हीच गत होई. घरात भिंतीवर कॅमेरा रोखून तासभर निर्वेध चालला, आणि बागेत नेला तो झाडासमोर गचकला. म्हणून आटवलेल्याची परीक्षा अवघड विषयावर घ्यावी. वर्तमानपत्राचे वधूवरांच्या छोट्या जाहिरातींचे पान भिंतीला टाचून कॅमेरा त्यावर रोखावा आणि हळूहळू फिरवावा. इतकी बारीक आणि दाटीची अक्षरे दुसरीकडे कुठे मिळायची?

परीक्षा कशी घ्यावी, याबद्दल आमचा आग्रह जरा जास्तच आहे. मॅजिक लँटर्नमध्ये कार्डाचा वेग मोजण्याची सोय आहे. ती चार वेळा चालवावी आणि चारांतला सर्वांत लहान आकडा धरावा, मोठा नव्हे. त्या आकड्याच्या पाऊणपटीच्या आत आपला नळ असावा. मग बॅटरी पूर्ण भरून, त्याच कार्डावर, कार्ड संपेपर्यंत सलग चित्रीकरण करावे. दोन मिनिटे चालले म्हणून टाळ्या पिटू नयेत. ३२ गिगाबाइटपर्यंतच्या कार्डांवर एक फाइल ४ गिगाबाइटांपलीकडे वाढू शकत नाही. तिथे कॅमेऱ्याला दुसरी उघडावी लागते. २८.८ च्या वेगाने ही सीमा अडीच मिनिटांनी येते, आणि पुष्कळ गाड्या याच रुळबदलाला घसरतात. पूर्ण कार्ड भरल्याने आणखी एक फायदा होतो. बाजारात नकली कार्डे फार. वर ३२ छापलेले आणि आत तेवढी जागाच नाही, असले कार्ड याच परीक्षेत उघडे पडते.

पडद्यावरचे आलेख आणि पट्टे चित्रीकरणाच्या वेळी बंद ठेवावेत. त्यांचाही भार पडतो. दर वेळी कार्ड कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करावे, पण मॅजिक लँटर्न राखून फॉर्मॅट करण्याचा पर्याय निवडून. नाहीतर तोही पुसला जाईल. रॉ व्हिडिओबरोबर आवाज आपोआप येतोच असे नाही. तो वेगळा सुरू करावा लागतो, आणि ओव्या आवाजाविना म्हणजे नुसत्या हलणाऱ्या ओठांचे चित्र. एवढी परीक्षा लागोपाठ तीनदा पार पडली, की सगळे आकडे, प्रोग्रॅमची आवृत्ती आणि कार्डाची खूण कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकावे. त्यानंतर कोणी “काका, नवी आवृत्ती आली आहे, घालू का?” असे विचारले, तर “भाऊबीजेनंतर,” असे सांगावे.

उजेडाचीही एक बाब. परदेशातल्या भाच्याने आणून दिलेले कॅमेरे पुष्कळदा सेकंदाला ३० चित्रांवर लावलेले असतात. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, आपल्याकडे ५० ची. त्यामुळे ट्यूबलाइटखाली घेतलेल्या चित्रांत पट्टे लहरत राहतात आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर १/५० ठेवले की हा त्रास बहुधा मिटतो. दिवाळीच्या स्वस्त माळांची लुकलुक मात्र आधी पाहून घ्यावी. नाहीच जमले तर माळ बंद ठेवावी आणि समई लावावी.

आता आमचे स्पष्ट मत विचाराल, तर ओव्यांसाठी रॉची जरूरच नाही. कॅमेऱ्याचा साधा, आटवलेला व्हिडिओ पुरेसा आहे. तो तोटीच्या सहाव्या हिश्शानेही पाणी आणत नाही, म्हणून पिंप भरण्याची भीतीही नाही. पण नातवाची हौस मोडावी असेही वाटत नाही. घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर चांगला रंग यावा म्हणून कोणी रात्ररात्र जागतो, हे काही वाईट नव्हे. तेव्हा असे करावे. रॉची परीक्षा तीनदा उतरली तर रॉ. एकदाही अडली तर साधा. आणि दोन्हीपैकी काहीही असले, तरी कोणाचा तरी मोबाइल फक्त आवाज टिपत आत्याबाईंजवळ ठेवून द्यावा.

रॉ घ्यायचे ठरले तर जागेचा हिशेब आधी करावा. २८.८ च्या वेगाने ३२ गिगाबाइटचे कार्ड साडेअठरा मिनिटे पुरते, आणि तासाला सुमारे १०४ गिगाबाइट लागतात. म्हणजे चार कार्डे हवीत, आणि चारही परीक्षा दिलेली. कार्ड बदलायची वेळ पंधराव्या मिनिटाच्या सुमारास, ओवी संपलेली पाहून, चहाच्या निमित्ताने साधावी; मधेच हात वर करून नव्हे. भरलेले कार्ड लगेच खिशात न टाकता वेगळ्या डबीत ठेवावे. या फाइली सरळ टीव्हीवर दिसत नाहीत. संगणकावर एमएलव्ही ॲप या फुकट प्रोग्रॅममधून त्यांचा नेहमीचा व्हिडिओ करून घ्यावा लागतो. दोन निरनिराळ्या डिस्कवर नक्कल झाली, दोन्ही उघडून शेवटापर्यंत पाहिल्या, की मग कार्डे पुसावीत.

पुण्याच्या ज्या वाचकांनी वडिलांच्या आठ मिलिमीटर फिल्मवर बुरशी चढल्याचे कळवले आहे, त्यांनी तूर्त त्या रिळांना हात लावू नये. त्यांच्याविषयी पुढच्या अंकी.