सुट्टी तीन आठवड्यांची, टमी टक पाच आठवड्यांचं: परदेशातून उपचारासाठी येताना दिवस कसे मोजावेत

19 सप्टेंबर 2025 ला अमेरिकेत एच-1बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली आणि काही मोठ्या कंपन्यांनी देशाबाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना ताबडतोब परत यायला सांगितलं. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. तोवर सुट्टीवर आलेल्या अनेकांनी मिळेल ते विमान पकडलं होतं. त्याच वर्षी 23 जूनला कतारने काही तास हवाई हद्द बंद केली, तेव्हा दोह्यामार्गे जाणारे प्रवासी वाटेत अडकले.

दहिसर-बोरिवलीतल्या बऱ्याच घरांना या बातम्या जवळच्या आहेत. अमेरिकेतून, आखातातून मुलं, सुना, जावई तीन आठवड्यांसाठी येतात आणि लग्नकार्य, देवदर्शन, बँकेची कामं यांच्यामध्ये दात, केस, पोट यांचे उपचारही बसवतात. खर्च कमी, घरचं जेवण, काळजी घ्यायला आई. कारणं रास्त आहेत. फक्त बहुतेक जण विचारतात, "ऑपरेशनला किती दिवस लागतात?" विचारायला हवं ते असं: "विमानात कधी बसता येईल? आणि परतीची तारीख अचानक अलीकडे आली तर?"

विमानाची घाई का नको

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंत पंधरा-सोळा तास पाय लोंबकळत बसलात, तर पोटरीच्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेली, तर जीवावर बेततं. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये कॉस्मेटिक शस्त्रक्रिया करून घेतलेल्या 93 अमेरिकी नागरिकांचे 2009 ते 2022 या काळातले मृत्यू सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने नोंदवले आहेत. ज्यांचा तपशील तपासला गेला, त्यांतले बहुतेक मृत्यू रक्ताची गुठळी किंवा चरबीचे कण अडकल्यामुळे झाले होते.

ब्रिटनच्या एनएचएसचा सल्ला असा: लायपोसक्शन किंवा स्तनांच्या शस्त्रक्रियेनंतर 5 ते 7 दिवस, चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा टमी टकनंतर 7 ते 10 दिवस विमानप्रवास टाळावा. हे किमान दिवस आहेत. टमी टकमध्ये द्रव काढणारी नळी कधी निघेल, टाक्यांतून पाणी येईल का, हे तारीख बघून ठरत नाही. म्हणून अमेरिकेच्या प्रवासासाठी मी स्वतः तीन आठवडे धरायला सांगतो.

लांबचा प्रवास करून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीही शस्त्रक्रिया नको. तीन-चार दिवस विश्रांती आणि तपासण्यांना द्या. त्यावर हे तीन आठवडे आणि शेवटी एक आठवडा हाताशी, म्हणजे साधारण पाच आठवडे होतात. तीन आठवड्यांच्या सुट्टीत टमी टक बसत नाही. कोणी "बसवून देतो" म्हणालं, तर दुसरं मत घ्या. धूम्रपान मात्र किमान चार आठवडे आधी, तिथे असतानाच बंद करायचं. इथे येऊन सोडण्याला उशीर झालेला असतो.

शस्त्रक्रिया दक्षिण मुंबईत आणि मुक्काम दहिसरला असेल, तर ड्रेसिंगसाठी कसं जाणार तेही आधी ठरवा. पोटावर ताजे टाके असताना विरार लोकलच्या गर्दीत शिरणं अशक्य आहे. आणि सर्जन परवानगी देत नाही तोवर वहिनींना लग्नात पाहुण्यांच्या बॅगा उचलायला लावू नका.

दात आणि केस

दाताचं इम्प्लांट हाडात पक्कं व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे बहुतेकांना दोन खेपा कराव्या लागतात. मधल्या काळात तात्पुरता दात सैल झाला, तर तिथला कोणता दंतवैद्य बघेल, हे जाण्याआधीच विचारून ठेवा. हेअर ट्रान्सप्लांटला मात्र शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस बहुधा पुरतात, खपल्या तेवढ्यात पडतात. पुढच्या काही आठवड्यांत लावलेले केस गळतात, तेव्हा घाबरून रात्री-अपरात्री इकडे फोन येतात! ते गळणं अपेक्षित असतं. खरा परिणाम दिसायला नऊ ते बारा महिने जातात.

परत गेल्यानंतर

काही जंतुसंसर्ग, विशेषतः क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतल्या काही जंतूंचे, कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोकं वर काढतात. कितीही लांब सुट्टी घेतली, तरी ते या मुक्कामात सापडतीलच असं नाही. म्हणून निघताना इंग्रजीतला शस्त्रक्रियेचा अहवाल, औषधांची यादी आणि इम्प्लांटचं स्टिकर सोबत घ्या. तिथल्या विम्यात कॉस्मेटिक उपचारांतली गुंतागुंत बसते का, हे लेखी विचारा. भारतीय आरोग्य विम्यात कॉस्मेटिक शस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते.

विमानात अधूनमधून चाला, पाणी पीत राहा. रक्त पातळ करणारं औषध किंवा दाबाचे मोजे लागतील का, हे सर्जनला विचारा. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन घेऊ नका. पोहोचल्यावर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर दहिसरच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲप करत बसू नका. तिथल्या इमर्जन्सीत जा आणि दारातच शस्त्रक्रियेची तारीख सांगा.