सेवेचा हिशेब कुठल्या खात्यात?



परवा माळा आवरताना सासूबाईंच्या आजारपणातली वही हाती लागली. मी बी.कॉम. झाले त्याला आता ४५ वर्षं झाली. नोकरी केली नाही, पण दुकानाची किर्द-खतावणी बरीच वर्षं मीच लिहिली. त्यामुळे घरातला पैसाही लिहून ठेवायची सवय.

सासूबाईंना २०१८ च्या दिवाळीनंतर पॅरालिसिसचा झटका आला. दवाखान्यात ११ दिवस गेले, आणि त्यानंतर घरी ४ वर्षं. त्या ११ दिवसांची पक्की बिलं वहीला टाचलेली आहेत. ४ वर्षांची मात्र बारीक टिपणं. डायपर दिवसाला २ धरले तरी महिन्याला २ हजारांच्या वर. एअर बेड, मलम, पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग. लातूरहून बाई ठेवायची चौकशी केली तर महिना १८ हजार सांगितले, म्हणून तो विचार सोडला. दर दोन तासांनी कूस बदलायची, उकळलेलं पाणी चमच्याने पाजायचं, सूर्यास्ताआधी जेवण व्हावं हा त्यांचा नियम शेवटपर्यंत पाळायचा. हे सगळं केलं, पण वहीत त्याची एक ओळ नाही. कारण त्याला कुणी पैसे दिले नाहीत, आणि पैसे नाहीत तर नोंद नाही.

आपल्या सरकारची वहीसुद्धा माझ्या वहीसारखीच आहे.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. फार चांगली गोष्ट आहे. ज्यांनी कार्ड काढलं नसेल त्यांनी जरूर काढा. आमच्या वेळी ते नव्हतं. पण असतं तरी ते त्या ११ दिवसांना लागलं असतं, कारण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरचं आहे. घरातल्या ४ वर्षांना ते लागू नाही.

मग घरासाठी काय आहे? श्रावणबाळ योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात, पण वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. एवढ्यात कुणाचं घर चालतं? केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये दिल्लीचा वाटा ८० वर्षांपर्यंत २०० रुपये आणि पुढे ५०० रुपये. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, चष्मा, कमोड खुर्ची, व्हीलचेअर असल्या वस्तूंसाठी ३ हजार, तेही एकदाच. आयकरात दिव्यांग आईवडिलांच्या देखभालीची वजावट आहे, पण ती जुन्या करपद्धतीत. ज्याला करच बसत नाही त्याला तिचा काय उपयोग? आणि जी बाई २४ तास उभी आहे, तिचं नाव यातल्या एकाही योजनेत नाही.

मैत्रिणींनो, घरी बाळ जन्मलं की आशाताई येते. ४२ दिवसांत सहा-सात वेळा येऊन बाळाचं वजन करते, ताप बघते, आईला समजावते. आणि त्या भेटींसाठी तिला मानधन आहे. म्हणजे सरकारला घरी येता येतं. मग घरातला दुसरा असहाय जीव, अंथरुणाला खिळलेली आजी, तिच्यासाठी का नाही? वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि त्यात अशा रुग्णांच्या घरी जाण्याचं लिहिलेलं आहे. आपल्यापैकी किती जणींच्या दारात अशी भेट झाली, हे आपणच एकमेकींना विचारू या.

बायकांना हे शिकवता येतं का, अशी शंका कुणी काढू नये. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि जेमतेम अक्षरओळख असलेल्या बायकांना गावोगावच्या आरोग्यसेविका केलं. जग ते बघायला आलं. ज्या भागात हे झालं तिथे कूस कशी बदलायची आणि जखम कशी धुवायची हे शिकवणं अवघड नाही. मला कुणी पहिल्या आठवड्यात शिकवलं असतं तर सासूबाईंच्या पाठीला ती जखम झाली नसती. ही गोष्ट मला अजून टोचते.

पैशाचंही उदाहरण आपल्याच देशात आहे. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी अशा रुग्णांची सेवा सुरू केली. २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्याचं धोरण केलं. आता तिथली पंचायत आपल्या निधीतून नर्सला गाडी देऊन घरोघरी पाठवते. शिवाय अंथरुणावरच्या माणसाला सांभाळणाऱ्यासाठी ‘आश्वासकिरणम्’ योजनेत महिना ६०० रुपये आहेत. रक्कम लहान आहे, पण सांभाळणाऱ्याच्या नावाने खातं तरी उघडलं. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून यासाठी वेगळा विमाच आहे.

हे मी मंदिरात बोलले तेव्हा एक काकू म्हणाल्या, “अगं, सेवेचे का कुणी पैसे मागतं? आपल्यात वैयावृत्त्य हे तप आहे.”

काकूंचं खरं आहे. सहा अंतरंग तपांत वैयावृत्त्य आहे, सोळाकारण भावनांतही आहे. पण मुनिसंघातलं वैयावृत्त्य आठवा. १९५५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, तेव्हा सगळा समाज तिथे लोटला होता. आजही महाराजांची प्रकृती बिघडली तर आपण पाळ्या लावतो, ती सेवा एकट्यावर टाकत नाही. घरात मात्र ४ वर्षांचं तप एका सुनेच्या नावावर टाकून बाकीचे मोकळे होतात. नणंद फोनवर विचारते, “आईंना वेळेवर देता ना?” तप स्वतःहून घेतलं जातं. दुसरा कुणी नाही म्हणून जे गळ्यात पडतं, त्याला तप म्हणून गौरवायचं आणि मदत नाकारायची, हे मला पटत नाही. सरकारची नर्स महिन्यातून दोनदा आली तर माझी सेवा कमी होत नाही, माझी कंबर वाचते. माझी तर गेलीच आहे.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. अंथरुणावरच्या प्रत्येक रुग्णाच्या घरी महिन्यातून दोनदा शिकलेली बाई यावी. सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या खात्यावर दरमहा काही रक्कम जमा व्हावी. आणि तालुक्याला अशी एक जागा असावी, जिथे रुग्णाला चार दिवस ठेवून घरच्या बाईला माहेरी किंवा यात्रेला जाता येईल. मतं मागायला लोक दारात येतात, तेव्हा आपण नळ आणि रस्ता विचारतो. आता हेही विचारू या.

तोवर आपण हात जोडून बसू नये. कळंबमध्ये आपल्या समाजात कुणाच्या घरी असा रुग्ण आहे, याची यादी महिला मंडळाने करावी. वापरून झालेली कमोड खुर्ची, व्हीलचेअर, एअर बेड मंदिराच्या खोलीत ठेवावेत, लागेल त्याने न्यावेत. आणि भेटायला जाल तेव्हा फळं नेली नाहीत तरी चालेल. त्या सुनेला म्हणा, “तू दोन तास झोप, मी बसते.”

माझा मुलगा पुण्याला, सूनबाई नोकरीला. उद्या अंथरुणावर मी असेन, आणि तिची दोन्हीकडून ओढाताण होऊ नये असं मला आजच वाटतं. सासूबाईंची वही मी टाकली नाही. तिची बरीच पानं अजून कोरी आहेत.

जय जिनेंद्र.