शेजारचं मशीन गेलं कुठे?

‘अरे, अकाउंट्सचं मशीन दिसत नाहीये!’ हे वाक्य सकाळी चहाच्या वेळी कधी ऐकलंय? छे! ते संध्याकाळी पावणेसहालाच यायचं. गेल्या महिन्यात आमच्याकडेही तसंच झालं. क्लायंटला साडेसहापर्यंत आकडे हवे होते, फाइल त्या मशीनच्या शेअर्ड फोल्डरमध्ये, आणि ‘नेटवर्क’च्या विंडोत बाकी सगळे हजर. सपोर्टवाला फोनवर म्हणाला, ‘रिस्टार्ट करून बघा.’ केलं. तरी नाही.

मंडळी, ती यादी म्हणजे सोसायटीच्या जिन्याखाली लावलेला नावांचा बोर्ड. बोर्डवर नाव नाही म्हणून माणूस घरी नाही, असं थोडंच असतं? सरळ जाऊन बेल वाजवायची! एक्सप्लोररच्या अॅड्रेस बारमध्ये दोन उलटे स्लॅश आणि मशीनचं नाव टाइप करून एंटर मारा. आमची फाइल अशीच उघडली आणि आकडे वेळेत गेले. नावाने उघडलं नाही तर आयपी अॅड्रेस टाकून बघा. (त्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ दिलं की तो मिळतो.) अॅड्रेसने उघडतंय पण नावाने नाही, म्हणजे घोळ नावाचा. तो अॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पुढचं काही बघूच नका. राउटरकडून अॅड्रेस मिळालाच नाही म्हणून बिचाऱ्या मशीनने स्वतःच एक लावून घेतलाय. आधी केबल बघा. खुर्चीच्या चाकाखाली आलेली केबल हा आपल्या ऑफिसांचा राष्ट्रीय आजार आहे.

पिंग करून लगेच ‘मशीन डेड आहे’ असं मात्र जाहीर करू नका. फायरवॉल पिंगला उत्तर न देता गप्प बसू शकतो.

काहीच उघडत नसेल, तर त्या मशीनचं नेटवर्क प्रोफाइल ‘पब्लिक’ आहे का बघा. कॅफेतल्या वायफायवर तेच बरोबर, कारण शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला तुमचा लॅपटॉप कशाला दिसायला हवा? पण ऑफिसात ‘प्रायव्हेट’ करा आणि नेटवर्क डिस्कव्हरी चालू आहे ना, तेही बघा. आणि हो, कुणी गेस्ट वायफायवर तर बसलं नाहीये ना? तिथून ऑफिसची मशीनं बहुतेक वेळा मुद्दामच लपवलेली असतात.

आमचं दुखणं वेगळंच निघालं. हल्ली प्रत्येक मशीनला ‘मी इथे आहे!’ असं स्वतःच ओरडून सांगावं लागतं. ते काम करणाऱ्या सर्व्हिसचं लांबलचक नाव फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन. तीच बंद पडली होती. ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट) केली आणि मशीन यादीत परत आलं. ही सर्व्हिस जे मशीन दिसत नाही त्याच्यावर बघायची, आपल्यावर नाही! अर्धा वेळ लोक आपलंच मशीन खोदत बसतात.

पण दुसऱ्या दिवशी सपोर्टवाला आला तो नवीच टूम घेऊन. ‘सगळीकडे एसएमबी वन चालू करतो, तुमचा जुना स्कॅनरही चालेल.’ बॉस खूश! मी आडवा आलो. पूर्वी ही यादी त्याच जुन्या एसएमबी वनच्या भरवशावर चालायची. मशीनं आपापसांत चक्क निवडणूक घेऊन एकाला यादी सांभाळायला बसवायची. मजेशीर होतं, पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय त्याच्याच एका भोकातून मशीनमागून मशीन पसरला आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागू लागला. मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आला होता, पण तो न टाकलेली मशीनं ढिगाने होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या अपडेटपासून, नव्याने विंडोज टाकलं तर एसएमबी वन बाय डिफॉल्ट येतच नाही. आमच्या मशीनांवर सगळ्यांच्या पगाराच्या शीट्स आणि क्लायंटचे करार आहेत. एका जुन्या स्कॅनरसाठी ते दार पुन्हा उघडायचं?

अर्धा तास वाद झाला. आता स्कॅनर पेन ड्राइव्हवर स्कॅन करतो, आणि पेन ड्राइव्ह कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे यावरून रोज संध्याकाळी आरडाओरडा होतो.