लस वाया गेली म्हणणाऱ्यांना

२०२२च्या भाद्रपदात लंपीने नगर जिल्ह्यातले गोठे हवालदिल केले, जनावरांचे बाजार बंद पडले आणि डेअरीच्या कट्ट्यावर एकच सूर निघाला : लस टोचूनही गाय आजारी पडली, म्हणजे लस बोगस. वर पुस्ती अशी, की शेळीची लस गायीला लागू पडेलच कशी?

पुस्तीचा निकाल आधी लावू. लंपी, शेळ्यांची देवी आणि मेंढ्यांची देवी यांचे विषाणू सख्खे भाऊ. चेहरेपट्टी इतकी सारखी, की एकाला ओळखणारी पेशी दुसऱ्यालाही धरते. १७९६ साली जेन्नरने गायीच्या देवीवरून माणसाची देवी अडवली ती याच वाटेने. आता गायीने शेळीकडून घेतले, तर बिघडले काय?

मूळ आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. गाय आजारी पडली. पण टोचल्यावर कितव्या दिवशी? मानेच्या कातडीखाली गेलेली लस जवळच्या लसीकाग्रंथीत पोचते. तिथे असंख्य पेशींतून नेमकी जुळणारी पेशी सापडते, भराभर वाढते, मग रक्तात प्रतिपिंडे उतरतात. याला दोन-तीन आठवडे हवेत. शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्यावर टोचलेल्या गायीला ते मिळालेच नाहीत. काहींच्या अंगात विषाणू आधीच शिरला होता. दोष द्यायचाच तर साथ दारात आल्यावर बर्फाचा डबा घेऊन निघणाऱ्या यंत्रणेला द्या, आणि तोवर ‘दूध आटतं’ म्हणत गाय आत बांधणाऱ्या आपल्यालाही. दूध चार दिवस कमी येते, हे कबूल.

लशीने उभी केलेली पेशींची फौज पुढे ओसरते, पण सगळी नाही. काही पेशी अस्थिमज्जेत बसून प्रतिपिंडे सोडत राहतात, काही नुसत्या दबा धरून असतात. तोच विषाणू पुन्हा आला की त्या आठवड्यांचे काम दिवसांत उरकतात, आणि त्यांची पकडही पहिल्यापेक्षा घट्ट असते.

ही आठवण सगळ्या लशींची सारखी टिकत नाही. लंपीसाठीची लस जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची, वर्षभर निभते. लाळ-खुरकुताची मारलेल्या विषाणूची. ती सहा महिन्यांत उतरते, म्हणून २०१९पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत दर सहा महिन्यांनी टोचतात. शिवाय ओ, ए, एशिया-१ या प्रकारांत एकाची ओळख दुसऱ्याच्या कामी येत नाही. तिन्ही एकाच बाटलीत घालावे लागतात. तिथे ‘गेल्या साली टोचली होती’ हे उत्तर चालत नाही.

वासरांना जन्मतःच का टोचत नाहीत, असे विचारणाराही एक असतोच. आईला लस दिलेली असली तर चिकातून आलेली तिची प्रतिपिंडे वासराच्या लशीलाच गिळतात. त्याच्या पेशी काही शिकत नाहीत. म्हणून लाळ-खुरकुताची पहिली मात्रा चौथा महिना उलटल्यावर आणि दुसरी महिनाभराने.