‘मध्यम’ मागायला लाजता कशाला?

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि कुणालाही विचारा, ‘मामलेदार कुठे?’ तहसील कचेरीत तुमचं काय काम आहे, असं कुणीही विचारणार नाही. समोरचा थेट मिसळीचा रस्ता दाखवेल. पदार्थाला नाव मिळालं कचेरीमुळे, पण आज कचेरीचाच पत्ता मिसळीवरून सांगितला जातो. असं भाग्य किती हॉटेलांच्या वाट्याला येतं?

मुर्डेश्वर कुटुंबानं मामलेदार कचेरीच्या आवारात हे छोटंसं उपाहारगृह सुरू केलं ते १९४६ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी. तालुक्याची कचेरी म्हणजे सातबारा, फेरफार, दाखले आणि मुख्य म्हणजे ताटकळणं. नंबर लागेपर्यंत पोटाला आधार हवाच. आज तिथे बांदोडकर-बेडेकरची पोरं असतात, कोर्टातले वकील असतात आणि कल्याण-डोंबिवलीहून खास वाट वाकडी करून आलेले ग्रुपही असतात. सगळ्यांसमोर तीच मिसळ आणि सगळ्यांना तोच प्रश्न : तिखट, मध्यम की कमी तिखट?

माझं भांडण आहे ते या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो त्याच्याशी.

सहा जणांचा ग्रुप बसतो. पहिला छाती काढून म्हणतो, ‘तिखट!’ मग दुसरा ‘मध्यम’ कसं म्हणणार? तिसऱ्याला अॅसिडिटी आहे, चौथीला मुळात तिखट झेपत नाही, पण ‘एवढंच का?’ हे कुणाला ऐकून घ्यायचंय? सहाच्या सहा तिखट येतात. मोबाइल वर होतात. नाकाडोळ्यांतून धारा, मागे हसण्याचा आवाज, रील तयार. आणि प्लेटमध्ये अर्धी मिसळ तशीच. बाहेर लोक जागेची वाट बघत उभे असतात ते वेगळंच.

दोस्तहो, यात मिसळ खाल्ली कुणी?

ज्याला आपण मर्दुमकी समजतो, त्यामागचं साधं विज्ञान बघा. तिखट ही गोड-आंबटासारखी चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंवरच्या एका ग्राहीला चेतवतं. चटका देणारी उष्णता ओळखणं हे त्या ग्राहीचं काम. त्यामुळे तोंड पोळलं नसतानाही मेंदूला ‘पोळलं’ असा निरोप जातो. हा ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. सारखं तिखट खाल्लं की हाच ग्राही हळूहळू बोथट होतो. म्हणजे तुमचा मित्र दोन वाट्या रस्सा सहज रिचवतो, तेव्हा तो शूर नसतो, त्याला सवय असते. घरी लहानपणापासून झणझणीत खाल्लेल्यानं खुशाल तिखट मागवावी, ती त्याची आवड आहे. पण सवयीच्या जोरावर दुसऱ्याला भित्रा ठरवणं हा कुठला न्याय?

‘तिखट खाणं आपल्या रक्तातच आहे’ हे वाक्यही जरा जपून वापरा. मिरची मूळची मेक्सिकोकडची. ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली, त्याआधी आपलं काम मिऱ्यांवर भागायचं. आणि जिथून मिरची आली त्या मेक्सिकोत काय करतात? टाको विकणाऱ्या दुकानांत तिखट साल्साच्या वाट्या बहुधा वेगळ्या ठेवलेल्या असतात. ज्याला जेवढं झेपेल तेवढं त्यानं घालावं. आपल्याकडेही तिखट किती हवं हे आधी विचारतात. निवड खाणाऱ्याची. ती आपण ग्रुपच्या हवाली करतो, एवढाच काय तो घोळ.

‘अरे, गंमत असते, एवढं काय?’ असं तुम्ही म्हणाल. गंमत असतेच! एकमेकांना डिवचण्याशिवाय कॉलेजचा ग्रुप कसला? पण ज्याला डिवचलं जातंय त्यालाही हसू येत असेल, तरच ती गंमत. २०२३ मध्ये अमेरिकेत ‘वन चिप चॅलेंज’मध्ये जहाल तिखट चिप खाल्ल्यानंतर १४ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. त्याच्या हृदयात आधीपासून दोष होता. कंपनीनं ती चिप बाजारातून काढून घेतली. मिसळीची प्लेट म्हणजे ती चिप नव्हे, उगाच घाबरवायचं नाहीये. पण समोरच्याच्या शरीरात काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नसतं, एवढं तरी त्यातून घ्या. आज मिसळ आहे, उद्या दुसरं काही असेल. ‘नको’ म्हणणाऱ्याला ग्रुप कसा वागवतो, हे अशा साध्या प्लेटवरच कळतं.

मिसळ ही काही परीक्षा नाही, की पास-नापास व्हावं. मटकी-वाटाण्याची उसळ, वरचं कुरकुरीत फरसाण, कच्चा कांदा, लिंबू आणि रश्शात बुडवलेला पाव. या सगळ्याचं जमलेलं गणित म्हणजे मिसळ. जीभच बधिर झाली तर यातलं कळणार काय? जी जागा इतकी वर्षं टिकली, ती चॅलेंज घेणाऱ्यांमुळे नाही. परत येणाऱ्यांमुळे. आणि परत तोच येतो, ज्याला पहिल्या वेळी चव कळली.

तेव्हा पुढच्या वेळी एवढंच करा. आपलं आपण ठरवा, कमी वाटलं तर वरून रस्सा मागा. लागलंच तिखट, तर पाण्यापेक्षा ताक किंवा दूध बरं, कारण कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही. रडणाऱ्याचा व्हिडिओ काढू नका, त्याच्याकडे पाव सरकवा. प्लेट संपवा आणि उठून जागा द्या.

आणि वेटरनं विचारलं की पहिला आवाज तुमचा येऊ द्या : ‘एक मध्यम.’ बघा, मागून किती जण हळूच म्हणतात, ‘मला पण.’