तेराव्यानंतरचे आठ दिवस

तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा ही खानदेशची दक्षिण काशी. अस्थी विसर्जनाला, दशक्रियेला लांबलांबून माणसे इथल्या घाटावर येतात. दहावा, तेरावा कुणी चुकवत नाही. पण त्याच मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, हे अनेकांच्या गावीही नसते. तेराव्याचे जेवण उरकले की हाती उरतात जेमतेम आठ दिवस.

मग सातबाऱ्यावर वारस लावायची वेळ येते आणि तलाठी दाखला मागतो. तोवर वर्ष उलटले असेल तर ग्रामसेवकाच्या हातात काही राहत नाही. 2023च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. घटना जिथे घडली तिथेच नोंद, हा दुसरा नियम. ऊसतोडीला गेलेला माणूस सुरतच्या दवाखान्यात गेला, तर अस्थी प्रकाशाला आल्या तरी दाखला सुरतचाच.

जन्माचेही तसेच. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी प्रकाशाच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. केवढा गाजावाजा झाला! पण आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे ते देणारे प्राधिकरणच सांगते. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. सातपुड्याच्या पाड्यावर घरातच बाळंतपण झाले, तर ही नोंद आईबापांनी आठवणीने करायची.

जुन्या नोंदींची किंमत तर आदिवासी कुटुंबांनाच विचारावी. जात पडताळणीत 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा सापडला तर सोने. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर शोध येऊन थांबतो गाव नमुना 14 वर, म्हणजे जन्म-मृत्यूच्या कोतवाल बुकावर. 2023मध्ये कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या शिंदे समितीनेही हीच बुके चाळली. एरवी ती कुठल्या गाठोड्यात पडली आहेत, याची फिकीर कुणाला होती?

प्रशासनाने दोन गोष्टी कराव्यात. कोतवाल बुके स्कॅन करून लोकांना पाहायला खुली करावीत. आणि प्रकाशाच्या घाटावर ठळक पाटी लावावी: नोंद कुठे, किती दिवसांत, कोणाकडे. विधी सांगणाऱ्या गुरुजींनीही जाता जाता ‘नोंद केली का?’ एवढे विचारावे. मुदतीत नोंद केली तर शुल्क लागत नाही, आणि दाखल्याची पहिली प्रतही मोफत मिळते.